न बोललेला नवस

मंचरच्या बाजारपेठेतल्या एका खोलीत मी तीस वर्षं शिलाई मशीन चालवली. पायाची मशीन. सकाळी दहा ते संध्याकाळी सात पाय हलत राहायचे, ब्लाउजमागून ब्लाउज व्हायचे आणि मी जिथं बसलेली असायची तिथंच असायची. त्यामुळे पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा गिअरच्या सायकलवर बसले, पाय मारला आणि समोरचं लिंबाचं झाड जवळ आलं, तेव्हा मला हसूच फुटलं. आयुष्यभर पाय मारत आले होते, जागा बदलली ती त्या दिवशी. घरचे म्हणतात मला सायकलचं वेड लागलं. वेड वगैरे काही नाही. पाय तयारच होते, चाकं मिळायची राहिली होती.

गेल्या वर्षी कळंबच्या अलीकडे बारीक खडीवर चाक सरकलं आणि डाव्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. तेवढ्यात सायकल माळ्यावर गेली. माझा मुलगा चाकणला कंपनीत असतो. दर रविवारी घरी येऊन तो त्या प्लास्टरकडे असा बघायचा, जसं काही हात त्याचाच मोडलाय. प्लास्टर निघालं, मी सायकल खाली काढली आणि आमच्या घरात जे भांडण लागलं ते दिवाळीपर्यंत चाललं. दोघेही हट्टी. तो कुणावर गेलाय हे विचारायची सोय नाही.

भाऊबीज झाली त्या संध्याकाळी तो म्हणाला, "आई, एकदाच काय ते ठरवू. चार दिवस जा. घरून महाळुंग्याच्या वाटेनं डिंगोऱ्याला मावशीकडे, तिथून भीमाशंकर आणि परत घरी. सगळं तुझं तू. पण कुठं गाडीत बसलीस, नाहीतर मला न्यायला बोलावलंस, तर सायकल विकायची. मग तू परत नाव काढायचं नाहीस."

"आणि नाही बसले तर?"

"तर मी नाव काढणार नाही."

"कबूल," मी म्हटलं. आमचे हे कांद्याच्या रोपाला पाणी देऊन नुकतेच आले होते. ते पाय धुता धुता एवढंच म्हणाले, "उसाच्या कडंनं दिवस मावळायच्या आत निघत जा." बिबट्याचं नाव ते घेत नाहीत. उसाचं नाव घेतलं की आम्हाला कळतं.

रस्ता निवडायची माझी एक रीत आहे. ज्या रस्त्यावर माणसं वाळवण घालतात, तो रस्ता माझा. डांबरावर सोयाबीन, शेंगा, बाजरी, भात पसरलेलं दिसलं की समजायचं, इथं तासाला दोन-चार गाड्याच येतात आणि त्या येतात त्याही गावातल्याच, धान्य बघून कडेनं जाणाऱ्या. मोबाइलवरच्या नकाशात हे दिसत नाही. नकाशा मला सारखा नारायणगावच्या हमरस्त्यावर नेऊन घालायला बघायचा. मी त्याला गप्प केलं आणि वाळवणाच्या मागं मागं गेले. डाव्या बाजूला डोंगर, उजव्या बाजूला कांद्याची लागवड करणाऱ्या बायकांची वाकलेली रांग, आणि मधे माझी सायकल. सायकलवरून बायकांचं बोलणं अर्धं अर्धं ऐकू येतं. एका वावरात सासूची गोष्ट सुरू व्हायची आणि ती संपायच्या आत मी पुढच्या वावरात पोचायची, तिथं दुसरीच सासू असायची.

एवढं सगळं सुख होतं, पण एक त्रास होता आणि तो म्हणजे माणसांचा चांगुलपणा. आमच्या भागात बाई एकटी सायकलवर, मागं पिशव्या बांधलेल्या, अशी दिसली की ती अडचणीतच आहे असं धरून चालतात. "एसटी चुकली का?" "पंक्चर झाली का?" एकानं तर टोपी काढून विचारलं, "कुणाला काय झालंय का घरी?" मी म्हणायची, काही नाही, हौस म्हणून चाललेय. हौस हा शब्द ऐकला की समोरचा माणूस माझ्याकडे नीट बघायचा आणि मग जास्तच काळजीनं म्हणायचा, "बसा, सोडतो की." पहिल्या दिवशी डिंगोऱ्याला पोचेपर्यंत मी चार पिकअप, एक ट्रॅक्टर आणि एक दुधाची गाडी नाकारली. चढ चढून माझे पाय दुखले नव्हते, नको नको म्हणून तोंड दुखलं होतं.

माझी थोरली बहीण डिंगोऱ्यात दिलेली. तिनं दारातच मला वरून खाली बघितलं. "जन्मभर लोकांचं शिवलंस आणि आता तुझं स्वतःचं डोकं उसवलं," म्हणाली. मग मात्र तिनं गरम पाणी काढलं, पिठलं-भाकरी केली आणि झोपताना माझ्या पोटऱ्यांना तेल लावलं. सकाळी निघताना तिनं दशम्या बांधून दिल्या आणि फाटकाशी उभी राहून म्हणाली, "दमलीस तर फोन कर. पोराला नाय सांगायची मी." माझी बहीणच मला फितवायला बघत होती. मी तिला हात केला आणि पाय मारला.

जुन्नर मागं पडलं आणि घोडेगावच्या बाजूला डोंगर ओलांडून जाणारा रस्ता लागला, तिथं मला तो पिकअपवाला भेटला. चाळिशीचा माणूस, गाडीत टोमॅटोचे रिकामे क्रेट. पुढं जाऊन थांबला आणि खाली उतरून वाटेत उभाच राहिला.

"ताई, काय झालं?"

"काही नाही. चाललेय."

"कुठं?"

"घोडेगावकडं, मग वर भीमाशंकर."

"एवढ्या लांब? बसा की राव! सायकल टाकतो मागं."

"नको. मला सायकलवरच जायचंय."

"लाजताय कशाला? आमी काय परकं हाय का?" असं म्हणत त्यानं सायकलचं मागचं चाक उचललंसुद्धा. मी पुढं हँडल धरून ओढतेय आणि तो मागून उचलतोय. रस्त्यात आमची अशी खेचाखेच चालली होती. एका बाजूला माझी पिशवी सुटून दशम्या खाली पडल्या. आणि माझं डोकं फिरलं.

"ठेवा ती खाली!" मी ओरडले. "नवस आहे माझा! सायकलवर येईन म्हणून बोललेय देवाला. गाडीत बसायचं नाही मला!"

कुठून आलं ते तोंडात, मला माहीत नाही. पण त्यानं सायकल अशी खाली ठेवली, जसं दह्याचं मडकं ठेवतात. हँडलला हात लावून तो हात कपाळाला लावला. दशम्या उचलून, फुंकून, पिशवीत घालून दिल्या. "आदी सांगायचं ना ताई," म्हणाला, "पाप लागलं असतं मला." आणि गाडीत बसून हळूच निघून गेला. हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

त्या क्षणापासून माझी वाट मोकळी झाली. पुढं जो कुणी थांबला त्याला मी आधीच सांगायची, नवस आहे. लगेच माणसं बाजूला व्हायची. नवस कशाचा, हे शहाणं माणूस विचारत नाही. बाई हौस म्हणाली की लोक हसतात, नवस म्हणाली की पाणी देतात. एवढी सोपी युक्ती मला आदल्या दिवशी का सुचली नाही याचंच वाईट वाटत होतं. खोटं बोलल्याची लाज वाटत नव्हती. आता ती वाटली होती असं लिहिलं तर ते दुसरं खोटं होईल.

चढ संपत आला होता, तिथं धनगरांची चार-पाच घरांची वस्ती आहे. पूर्वी सगळे मेंढरंवाले, आता बहुतेक शेती करतात. तिथं अर्धा रस्ता भुईमुगाच्या शेंगांनी भरलेला होता आणि कडेला पोत्यावर एक म्हातारी काठी घेऊन कोंबड्या हाकत बसली होती.

"चाक घालू नको गं शेंगांवर!"

मी उतरले आणि सायकल कडेनं हातात धरून नेऊ लागले. ती माझ्याकडे, सायकलकडे, मागच्या पिशव्यांकडे बघत होती. "कुठं निघालीस?"

"भीमाशंकरला. नवस आहे," मी म्हटलं. एव्हाना ते आपोआप तोंडातून यायला लागलं होतं.

म्हातारीची काठी थांबली. "सायकलीवर?"

"हो."

"चाकावर चालतंय का देवाला?"

"पाय तर मीच मारते ना मावशी," मी जरा तोऱ्यातच म्हटलं.

"आसं व्हय," ती म्हणाली, पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. मला तिनं पोत्यावर जागा केली. तांब्याभर पाणी दिलं, मूठभर शेंगा दिल्या. मी शेंगा फोडत बसले आणि ती बोलायला लागली. माझ्याशी कमी आणि समोरच्या डोंगराशी जास्त.

तिचे मालक दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे आणि पावसाच्या आधी परत यायचे. एका वर्षी बाकीचे आले, ते आले नाहीत. निरोप नाही, काही नाही. तेव्हा कुठले फोन. "पंधरा दिस वाट बघितली. मग मी देवाला बोलले, धनी धड घरी येऊ दे, पोखरीचा घाट मी पायानं चढून तुझ्याकडं येईन. तिसऱ्या दिवशी आला की! एक मेंढा लंगडत व्हता, त्याला खांद्यावर घेऊन, रमत गमत. मी रडतीया आन् ह्यो हसतोय."

"मग गेलात का घाट चढून?"

"कुठं जातीस! त्या साली पेरणी व्हती. मग पोरगी झाली. मग पोरगा. धनी म्हनायचा, जाऊ की पुढल्या साली, देव कुठं पळून चाललाय. लई वर्सं गेली. चार सालामागं धनी गेला. हितं, घरात, हातरुणावर, माझ्या हातचं पानी पिऊन. देवानं त्याचं काम केलं गं. माझंच राह्यलं." तिनं दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले. ते सुजून कलिंगडाएवढे झाले होते. "पोरगा म्हनतो, गाडीनं नेतो. गाडीनं जाऊन देवाला काय सांगू? गाडीनं आले म्हनून?"

ती उठली, भिंत धरत धरत घरात गेली आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली. हातात एक पितळेची घंटी होती, लोकरीच्या दोरीत ओवलेली, घासून घासून पिवळी झालेली. "त्याच मेंढ्याच्या गळ्यातली हाय. तू नवसाची हायेस, तू ने. देवाच्या कानावर घाल म्हनावं, म्हातारीनं पाठवलीया. पर एक हाय बग. गाडीत बसायचं न्हाई. घंटी गाडीत बसली तर मीच बसल्यागत व्हईल."

खरं सांगायची वेळ तीच होती. मावशी, माझा नवसबिवस काही नाही, मुलाशी पैज लावून निघालेय, एवढं म्हणायचं होतं. पण तिनं ती घंटी माझ्या तळहातावर ठेवली आणि वरून स्वतःचा हात झाकला. तो हात निघेपर्यंत मी काही बोलले नाही आणि निघाल्यावर बोलायची हिंमत राहिली नाही. "परत यायला नको," ती म्हणाली. "पोचली की मला कळंल."

मी घंटी हँडलला बांधली आणि उताराला लागले. मागच्या वर्षी पडले तेव्हा माझ्या सायकलची घंटी तुटली ती तशीच राहिली होती. आता खड्ड्याखड्ड्याला मेंढ्याची घंटी वाजत होती आणि वावरातली माणसं कळप आला म्हणून मान वर करून बघत होती. मघापर्यंत मला एकाच माणसाला जिंकायचं होतं. आता माझ्या पैजेबरोबर म्हातारीचा नवसही माझ्यावर होता, आणि तोच जास्त जड होता. रात्री शिनोलीत माझ्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईकडे मुक्काम केला. तिच्या तीन मुलींच्या लग्नाचे ब्लाउज मी शिवले होते. जेवताना तिनं विचारलं, "नवस आहे म्हणे तुमचा?" मी तिला सांगितलेलंच नव्हतं. बातमी माझ्या पुढं गेली होती. मला थोडं चमकायला हवं होतं, पण मी भात वाढून घेतला.

उजाडताच निघाले. भीमाशंकरच्या रस्त्याला दुसरी वाट नाही, म्हणून सोमवार आणि शनिवार-रविवार टाळून मधला वार धरला होता. डिंभ्याच्या धरणाचं पाणी खाली राहिलं आणि पोखरीचा घाट सुरू झाला. गाड्या नव्हत्या. एका बाजूला कातळ, त्यातून पाझरणारं पाणी, दुसऱ्या बाजूला खाली भाताची कापलेली खाचरं. सगळ्यात हलका गिअर टाकला आणि मशीनवर लांब शिलाई मारायला बसल्यासारखी एका लयीत पाय मारायला लागले. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. धाप लागत होती, पण पाय चालत होते. मला खात्री वाटायला लागली की जमतंय. तिसऱ्या वळणावर चढ एकदम उभा राहिला, मी उभी राहून जोर लावला, खाली खाटकन आवाज झाला आणि पाय नुसता फिरला.

चेन तुटली होती. सुटून मागं रस्त्यावर पडली होती, मेलेल्या सापासारखी. माझ्याकडे पंक्चरचं सगळं सामान होतं. सुई-दोरा होता, कात्री होती, टायर फाटला असता तर मी तो शिवलाही असता. चेन जोडायचं मात्र काहीही नव्हतं. तळेघरला गॅरेज असतं हे माहीत होतं. पण तळेघर घाटाच्या वर होतं आणि मी घाटाच्या खाली.

तेवढ्यात मागून पिकअप आली. आणि मी सगळं विसरले. मुलाची अट विसरले, म्हातारीची घंटी विसरले. तीन दिवसांत पहिल्यांदा मीच रस्त्यात उभी राहून हात केला. गाडी थांबली. मिशीवाला दणकट माणूस खाली उतरला.

"दादा, चेन तुटली. तळेघरपर्यंत सोडता का?"

त्यानं सायकल बघितली, हँडलची घंटी बघितली आणि चेहऱ्यावर एकदम ओळख पटल्याचं हसू आलं. "तुमी त्याच ना? जुन्नरकडच्या? नवसाच्या? मेव्हन्याचा फोन आला व्हता माझ्या. क्रेट घेऊन येत व्हता त्यो. म्हनला, वाटंत दिसल्या तर जपा."

"हो, पण आता सोडा."

"न्हाई ताई." त्यानं मान हलवली. "आमच्या गाडीत नवस मोडला आसं नको."

"निदान सायकल तरी न्या. मी चालत येते."

त्यावर त्यानं मनापासून विचार केला. सायकलभोवती एक फेरी मारली. "तुमी सायकलीवर येईन म्हनला व्हता ना? म्हंजे नवसात सायकल पन आली. ती गाडीत घातली की अर्दा नवस मोडला."

तेव्हा माझा बांध फुटला. "अहो, खोटं बोलले होते मी! नाहीये नवस! तुमच्या मेव्हण्यानं सायकल सोडावी म्हणून बोलले होते!"

तो मायेनं हसला. "दमलं की तसंच वाटतं, ताई. आमची आई पन आशीच म्हनत व्हती, न्हाई केला नवस, न्हाई केला नवस. मग वर गेल्यावर रडली." त्यानं मला पाण्याची बाटली दिली, चार केळी दिली, पायाला हात लावून नमस्कार केला आणि निघून गेला. नवसाच्या बाईची वाट अडवायची नाही, म्हणून तो घाईनंच गेला.

मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसून रडले. रागानं रडले. त्याच्यावरचा राग, मुलावरचा राग, त्या जुन्नरच्या पिकअपवाल्यावरचा राग, पण सगळ्यात जास्त माझ्या स्वतःच्या तोंडावरचा. फोन काढला. रेंजची एकच काडी होती. मुलाचं नाव वर आलं. एक अंगठा टेकवला असता तर दोन-अडीच तासांत गाडी आली असती. माझं कोपर शेजारच्या सायकलला लागलं, तशी हँडलची घंटी हलली आणि वाजली. एकदाच, बारीक. मी फोन पिशवीत टाकला. मला भक्ती सुचली नव्हती. एवढंच वाटलं की मी मागं फिरले तर माझी सायकल जाईल, पण ती पोत्यावर बसलेली बाई घाटाच्या खालीच राहील, आणि तिला दुसरं कुणी भेटणार नाही. ते मला सहन झालं नाही.

केळी खाल्ली. तुटलेली चेन कागदात गुंडाळली. सायकल ढकलायला लागले. ढकलणं हे चालवण्यापेक्षा वाईट असतं. पिशव्यांचं वजन मागं ओढतं, पॅडल नडगीवर आपटतं आणि मोडून जुळलेलं मनगट बोंब मारतं. दर वळणाला वाटायचं घाट संपला, आणि वळलं की पुढं तेवढाच घाट. तीस वर्षांत मी एक गोष्ट शिकले होते. शंभर टाक्यांची हातशिलाई घालायची असेल तर सगळ्या शिलाईकडे बघायचं नाही, सुईच्या पुढचा टाका बघायचा. मी पुढचा मैलाचा दगड बघितला, मग पुढचं झाड, मग पुढची सावली. दोन-तीन गाड्या वर गेल्या. माझ्याजवळ त्या हळू झाल्या, आतल्या माणसांनी हात जोडले आणि त्या पुढे गेल्या. कुणीही थांबलं नाही. बातमी सगळीकडे पोचली होती. मी नवसाचं कुंपण इतकं पक्कं घातलं होतं की आता मलाच त्यातून बाहेर पडता येत नव्हतं.

दुपारी तळेघरला पोचले. मोटरसायकलच्या गॅरेजवाल्यानं दोन खराब कड्या काढून चेन हातोडीनं ठोकून जोडून दिली. तिथून पुढं सायकल चालवली. जंगल लागलं, गारवा आला, रस्त्यावर माकडं बसलेली. उन्हं कलताना भीमाशंकरला पोचले. खाली पायऱ्यांवर रांग होती, घंटानाद होता, प्रसादाच्या दुकानांचा कलकलाट होता. माझ्या गुडघ्यांना पायरी उतरवत नव्हती, म्हणून मी कठडा धरून आडवी आडवी उतरले. पुजाऱ्यांनी घंटी माझ्या हातातून घेतली, देवाला लावली आणि परत माझ्या हातात दिली. मी म्हातारीनं सांगितलं होतं ते मनात म्हटलं आणि घंटी एकदा वाजवली. त्या गोंगाटात ती मलासुद्धा ऐकू आली नाही.

धर्मशाळेतून मुलाला फोन केला. "पोचले."

"गाडीत कुठं बसलीस का?" त्याचा पहिला प्रश्न.

"कुणी बसवलंच नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उतारानं खाली आले. घाटात ब्रेक दाबून दाबून बोटं वाकडी झाली. घोडेगावातून सरळ गेलं की घर, जेवायच्या वेळेला पोचता आलं असतं. म्हातारी परत येऊ नको म्हणाली होती. पण घंटी माझ्याकडे होती आणि एक गोष्ट मनाला खात होती, म्हणून मी जुन्नरच्या डोंगराकडे वळले आणि परत चढायला लागले.

तिनं मला बघायच्या आधी घंटी ऐकली. मी वळणावरून दिसले तेव्हा ती भिंत धरून उभीच होती.

"पोचली?"

"पोचली मावशी. देवाला लावून पुजाऱ्यांनी परत दिली."

"गाडीत बसली न्हाईस?"

"नाही." मग मी मान खाली घातली. चुकलेला ब्लाउज गिऱ्हाइकासमोर उलगडताना घालायची तशी. "पण घाटात माझी चेन तुटली. मी सायकलवर येईन म्हटलं होतं, ते नाही झालं. तिसऱ्या वळणापासून सगळा घाट सायकल ढकलत गेले. चालत."

तिनं भिंतीवरचा हात काढून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "चालत?"

"हो."

"पायानं?"

"हो, मावशी."

तिनं पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, मी तिचा नवस घालवला. मी जवळ गेले तशी तिनं माझा दंड घट्ट पकडला. "दोन रात्री डोळ्याला डोळा न्हाई माझ्या. म्हनलं, चाकाचं धरतोय का न्हाई देव. मी पायानं बोलले व्हते गं, पायानं. तुला कसं सांगू, नको जाऊ सायकलीवर म्हनून?" आणि रडता रडता हसली. "तीन वळनं व्हय? तेवढी सोडतोय त्यो."

आम्ही दोघी पोत्यावर बसलो. तिनं घंटी हातात फिरवली आणि पुन्हा माझ्या हँडलला बांधली. मेंढरांच्या गाठीनं, ओढली की आणखी आवळत जाणाऱ्या. "हितं खुंटीला ठिवून काय करू हिचं? वाजू दे तिकडं," म्हणाली. मग तिनं विचारलं, "तुजा नवस कशाचा व्हता गं? विचारू नये, पर सांग."

आता मात्र मी खरं सांगितलं. नवस नव्हताच. एक माणूस सायकल उचलत होता म्हणून खोटं बोलले, आणि पुढं बोलतच राहिले.

मला वाटलं होतं ती रागावेल. तिनं पोत्यावर सांडलेली एक शेंग उचलून फोडली आणि म्हणाली, "मग बरंच झालं की. तुजा आसता तर तू तुजाच नेला आसतास. मोकळी व्हतीस, म्हनून माझा नेलास."

मी सायकलवर बसले आणि दिवस मावळायच्या आत, उसाच्या कडेनं, घरी आले.